तात्यांची वही आणि चार लाख रुपये : कुस्तीवेड्या वडिलांच्या स्मरणार्थ नेमकं काय करायचं?

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातलं ऊस आणि दुधावर चालणारं एक गाव. तिथल्या एका कुटुंबाचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील बदलले आहेत. वडिलांना आपण तात्या म्हणू.

तात्या साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. दीड एकर शेती, दारात दोन म्हशी. तरुणपणी जत्रेच्या फडात शंभर-दोनशे रुपयांच्या कुस्त्या त्यांनी केल्या होत्या. पुढं संसारामुळं लंगोट सुटला. तिन्ही मुलांना मात्र त्यांनी तालमीत घातलं. थोरली मुलगी राज्य स्पर्धेत पदक मिळवून खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून पोलिसात लागली. मुलाचा गुडघा गेला, तो कुस्ती सोडून पुण्याजवळच्या एका कंपनीत कामाला आहे. धाकटी दहावीत, १७ वर्षांखालील गटात ४९ किलो वजनात खेळते.

मुलगा गावच्याच तालमीत मातीच्या हौदात उतरला. मुलींना तिथं जागा नव्हती. मुलींसाठी मॅट असलेलं केंद्र नऊ किलोमीटरवर. त्यामुळं पहाटे चारला म्हशींची धार, पाचला मोटरसायकल, सहा ते आठ केंद्राच्या बाहेर थांबणं, मग मुलीला शाळेत सोडून कारखाना किंवा शेत, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता. स्पर्धेच्या आदल्या रात्री पिशवी तेच भरायचे. लाल आणि निळा असे दोन्ही कॉश्च्युम, बूट, बुटाची नाडी दाबायला चिकटपट्टी, नेलकटर, वजन झाल्यावर खायला राजगिऱ्याची वडी आणि केळी. आधार, जन्मदाखला, बोनाफाईड आणि डॉक्टरचा दाखला एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये. वजनाच्या रांगेत उभं राहिल्यावर ‘मूळ प्रत कुठाय?’ असं विचारलं जातं आणि झेरॉक्सवर भागत नाही, हे त्यांना एकदा फटका बसून कळलं होतं.

आणि एक वही होती. दोनशे पानी, कव्हरला खाकी कागद. मुलांच्या खेळावर झालेला खर्च ते त्यात लिहायचे.

जुलै महिन्यात, वयाच्या ५२ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्यानं तात्या गेले.

प्रश्न काय होता

प्रश्न खरं तर दोन होते. घरच्यांना सुरुवातीला एकच दिसत होता.

पहिला, वर्षश्राद्धाला तात्यांच्या नावानं काय करायचं? भावकी, तालमीतली मंडळी, कारखान्यातले सोबती सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, ‘माणूस कुस्तीचा होता, मैदान घ्या,’ म्हणजे गावात कुस्त्यांचा फड भरवा.

दुसरा प्रश्न कुणी बोलून दाखवला नव्हता. ऑगस्टमध्ये धाकटीनं शाळेकडून तालुक्याची कुस्ती मारली, सप्टेंबरमध्ये जिल्ह्याची. विभागीय स्पर्धा शेजारच्या जिल्ह्यात होती. आदल्या संध्याकाळी पोचून मुक्काम करायचा, सकाळी वजन द्यायचं. क्रीडाशिक्षक त्याच दिवशी मुलांच्या कबड्डी संघाबरोबर दुसरीकडं. भाऊ पुण्यात, बहीण बंदोबस्ताला. आई त्याआधी कधीच एकटी तालुक्याच्या पलीकडं गेलेली नव्हती. मुलगी घरीच राहिली. घरात यावर ‘जाऊ दे, पुढच्या वर्षी’ एवढंच बोलणं झालं.

पैसे किती आणि कुणाचे

भविष्य निर्वाह निधी, त्याला जोडलेला विमा आणि एक आयुर्विमा पॉलिसी असे तीन ठिकाणांहून पैसे आले. पीएफ भरणारा कामगार नोकरीत असताना गेला, तर त्या विम्याची रक्कम कुटुंबाला मिळते. कामगाराला त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही आणि त्याची मर्यादा ७ लाखांपर्यंत आहे. पीएफसाठी २० नंबरचा, विम्यासाठी ५ आयएफ आणि विधवा निवृत्तिवेतनासाठी १० डी असे तीन वेगळे अर्ज असतात. बरीच कुटुंबं पहिला भरून थांबतात. इथं थोरलीनं तिन्ही भरले.

भावनेच्या भरात सगळी रक्कम स्मारकाला घालण्याची तयारी आईचीच होती. थोरलीनं ते अडवलं. आईचा महिन्याचा खर्च, धाकटीची बारावीपर्यंतची फी आणि घराच्या पत्र्याचं काम आधी बाजूला काढलं, मग स्मरणार्थ ४ लाख ठरवले. आमच्या मते या प्रकरणातला हा पहिला शहाणा निर्णय. वडिलांच्या नावानं गदा द्यायची आणि आईनं किराणा उधार आणायचा, अशी उदाहरणं या भागात पाहायला मिळतात.

पुढं आलेले पर्याय

*मैदान.* चुलत्यांनी अंदाजपत्रक मांडलं. एक नंबरच्या जोडीला ५१ हजार, दोन नंबरला ३१ हजार, मधल्या वीस-पंचवीस कुस्त्या, शेवटी बाळगोपाळांच्या शंभर-दोनशेच्या. त्यावर फडाची माती, मंडप, आवाज, दिवे, हलगीवाले, निवेदक, पंचांचं मानधन, पाहुण्यांचे फेटे आणि जेवण, रुग्णवाहिका. हिशोब साडेतीन लाखांच्या पुढं गेला. मैदानाची अडचण खर्चापेक्षा वेगळीच असते. मोठी जोड ठरवायला ओळख लागते, ऐनवेळी मल्ल ‘अंगात ताप आहे’ म्हणून येत नाही, आणि एक नंबरची कुस्ती तासभर लांबून बरोबरीत सुटली की लोक तात्यांचं नाव विसरतात, पण ‘नुरा कुस्ती लावली’, म्हणजे निकाल आधीच ठरलेला होता, हे वर्षभर बोलतात. मुलींच्या कुस्त्या भर दुपारी, प्रेक्षक जमायच्या आधी उरकल्या जातात, हा मुद्दा थोरलीनं स्वतःच्या अनुभवावरून मांडला.

*मॅट.* गावच्या शाळेला मॅट द्यावी, असं मुलाचं मत. स्पर्धेची मॅट १२ मीटर बाय १२ मीटर, त्यात ९ मीटर व्यासाचं वर्तुळ. शाळेची खोली मोजली तर ९ बाय ७ निघाली. म्हणजे अर्धीच मॅट बसणार, कडेला भिंत, आणि पटात, म्हणजे समोरचीचे पाय धरायला, घुसलेली पोरगी डोकं भिंतीला लावून घेणार. शिवाय पावसाळ्यात छत गळतं. ओल धरलेल्या मॅटला बुरशी येते, कव्हर फाटतं, आणि रोज जंतुनाशकानं पुसली नाही तर नायटा सगळ्या पोरांना होतो. पुसायला माणूस कोण, याचं उत्तर शाळेकडं नव्हतं.

*खुराक.* वस्तादांची सूचना अशी की चार गरीब पोरांचा खुराक उचलावा. कागदावर मांडलं : रोज १०० ग्रॅम बदाम म्हणजे महिन्याला तीन किलो, साधारण २,७०० रुपये. दोन लिटर म्हशीचं दूध, महिन्याचे ३,६०० च्या आसपास. तूप दोन किलो, १,३०० च्या घरात. एका मल्लाचे महिन्याला साडेसात हजार. ४ लाखांच्या व्याजात एकाचाही चार महिन्यांपलीकडं निभाव लागत नाही. मुद्दल खाल्लं तर चौघांचा खुराक जेमतेम तेरा महिने.

*शाळेत बक्षीस.* ५० हजारांची ठेव, दरवर्षी उत्कृष्ट खेळाडूला ढाल. सोपं आणि स्वस्त. पण ढाल त्यालाच मिळते जो आधीच जिंकून आला आहे.

गावच्या वेशीवर कमान हाही एक प्रस्ताव होता. त्यावर आईनंच ‘तात्यांस्नी कमानीखालनं जायला बी सवड नव्हती’ म्हणून पडदा टाकला.

वहीत काय सापडलं

दिवाळीत तिघं भावंडं घरी होती. वही काढली ती फक्त बघायला. थोरलीच्या शेवटच्या तीन वर्षांची पानं वाचताना उजव्या समासात ठिकठिकाणी ‘खा.’ असं लिहून भोवती गोल केलेला दिसला. मुलाला वाटलं, खुराक. पण खुराकाच्या नोंदी डावीकडं वेगळ्या होत्या : ‘बदाम अर्धा किलो’, ‘तूप घरचं’. थोरलीनं कारखान्याच्या जुन्या पगारपावत्या काढून तारखा जुळवल्या. तो ‘खा.’ म्हणजे खाडा. मुलीबरोबर स्पर्धेला गेले, तो दिवस बिनपगारी.

मग तिघांनी बसून सगळ्या नोंदी चार रकान्यांत वाटल्या : खुराक, साहित्य, प्रवास-मुक्काम आणि बुडालेली मजुरी. दूध-तूप घरचं असल्यानं खुराक अपेक्षेपेक्षा कमी भरला. बूट आणि कॉश्च्युम वर्षाला एकदा. सगळ्यात मोठे रकाने शेवटचे दोन निघाले. शालेय आणि संघटनेच्या वरच्या स्पर्धा बहुतेक पावसाळा संपता संपता आणि थंडीत येतात, आणि गळीत हंगामही तेव्हाच असतो. हंगामी कामगाराचे कमाईचे जे चार-पाच महिने, त्यातलेच दिवस तात्यांनी दिले होते.

हे दिसल्यावर ऑक्टोबरात घरी राहिलेल्या धाकटीचा विषय आपोआप निघाला. तिच्याकडं खुराक होता, बूट होते, मॅट होती. नव्हता तो बरोबर जाणारा माणूस.

निर्णय

केंद्रातल्या वस्तादांना विचारल्यावर कळलं की जिल्ह्यापर्यंत जिंकून पुढं न गेलेल्या मुली दरवर्षी असतात. कारण बहुतेक वेळा तेच. बाप मजुरीवर, आई मजुरीवर, दोन दिवस बुडवायचे तर आठवड्याचा बाजार बुडतो. पुरुष शिक्षकाबरोबर एकटी मुलगी मुक्कामाला पाठवायला घर तयार नसतं, आणि त्यात घराची चूक आहे असं आम्ही म्हणणार नाही.

ठरलं ते असं : तात्यांच्या नावानं मुलींबरोबर जाणाऱ्या बाईची मजुरी, दोघींचा प्रवास आणि जेवण द्यायचं.

चुलते नाराज झाले. ‘नाव कुठं दिसतंय ह्यात?’ हा त्यांचा सवाल होता आणि तो फालतू नव्हता. गावात स्मरण हे चारचौघांत व्हावं लागतं, नाहीतर पोरांनी बापाचं काहीच केलं नाही असा अर्थ निघतो. त्यांना पटलं ते खाशाबा जाधवांच्या गोष्टीनं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, हे कोल्हापुरात पोरासोरांना माहीत असतं. ‘ते पैसे कशाचे होते काका? जाण्या-येण्याचेच,’ असं मुलगा म्हणाला. तरीही एक तडजोड झाली. गावच्या जत्रेच्या मैदानात दरवर्षी मुलींची एक ५,००० रुपयांची कुस्ती तात्यांच्या नावानं लावायची, आणि ती संध्याकाळी पाचनंतरच. वेळेची अट जत्रा कमिटीकडून लेखी घेतली. पैसे चुलत्यांनी स्वतःहून दिले.

कसं उभं केलं

४ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत आईच्या नावे ठेवले, वारस म्हणून थोरली. तेव्हाचा दर ७.४ टक्के, म्हणजे वर्षाला २९,६०० आणि महिन्याला २,४६६ रुपये. दर महिन्याचं व्याज आईच्या पोस्टातल्याच वेगळ्या बचत खात्यात जमा होतं. घरखर्चाच्या खात्यात ते मिसळायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी केला.

ट्रस्ट नोंदवावा का, यावर वकिलाचा सल्ला घेतला. नोंदणी म्हणजे धर्मादाय कार्यालय, दरवर्षीचं लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की फेरफार अहवाल. एवढ्या रकमेला ते ओझं झालं असतं. मात्र बाहेरून वर्गणी घ्यायची झाली तर आधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. म्हणून बाहेरचा एक रुपयाही घ्यायचा नाही असं ठरलं. कारखान्यातल्या सोबत्यांनी जमवलेले अकरा हजार परत करावे लागले. काही मंडळी त्यानं दुखावली. आधीच सांगितलं असतं तर हा प्रसंग टळला असता.

एका फेरीचा, म्हणजे एका स्पर्धेला जाऊन येण्याचा, हिशोब असा बसवला. बाईची दोन दिवसांची मजुरी ४०० प्रमाणे ८००. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळं बाई आणि मुलगी दोघींचं जाऊन-येऊन साधारण ६००. दोघींचं दोन दिवसांचं खाणं ५००. किरकोळ १००. एकूण २,०००, म्हणजे वर्षाला चौदा फेऱ्या. एका बाईबरोबर तीन मुली जाऊ शकतात, तेव्हा पैसे वाचतात.

नियम एका पानावर मावले. मुलीचं नाव वस्ताद किंवा क्रीडाशिक्षक सुचवतात, निर्णय थोरली आणि आई घेतात. एका मुलीला वर्षात चार फेऱ्या. फक्त मुक्कामाच्या स्पर्धा आणि निवड चाचण्या. पैसे निघायच्या आदल्या दिवशी रोख, पाकिटात, पाकिटावर तात्यांचं नाव. परतल्यावर तिकिटं दाखवायची. ‘आधी खर्च करा, मग बिलं द्या’ ही पद्धत मुद्दाम टाळली, कारण ज्या घरात दोन हजार आधी निघतात त्या घराला या मदतीची फारशी गरजच नसते.

धाकटीला या पैशांतून फेरी मिळावी का, यावर घरात तासभर वाद झाला. अखेर नाही असं ठरलं. त्याच वजनगटात केंद्रातल्या दुसऱ्या दोन मुली खेळतात. निधी घरचा आणि लाभार्थीही घरचाच, असं झालं असतं तर वस्तादांनी नावं सुचवणं बंद केलं असतं.

काय बिघडलं

दुसऱ्याच फेरीत घोटाळा झाला. बरोबर गेलेल्या मावशींनी रात्री मुलीला मायेनं पोटभर भात-आमटी वाढली, सकाळी वजनाआधी चहा-बिस्किटं. मुलगी ४६ किलोच्या गटात २०० ग्रॅम जास्त भरली. दोरीच्या उड्या मारून, थुंकून वजन उतरवायची धडपड झाली, पण वेळ संपली. मुलगी कुस्ती न खेळता परत आली.

चूक मावशींची नव्हती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर थोरलीनं बरोबर जाणाऱ्या बाईसाठी वेगळा कागद केला. आदल्या संध्याकाळी पोचल्याबरोबर मुलीला तिथल्या काट्यावर उभं करायचं, घरच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. वजन गटाच्या आत किती आहे ते बघूनच जेवण. वजन होईपर्यंत पाणीसुद्धा मुलीला विचारून. वजन झाल्यावर लगेच केळी, वडी, मग तासाभरानं पोळी-भाजी. एका रात्रीत किलोभर उतरवायचा हट्ट कुणी धरला तर वस्तादांना फोन. नखं कापलेली, दोन्ही रंगांचे कॉश्च्युम, सॅनिटरी पॅड, फाईल. मुक्कामाच्या हॉलला आतून कडी आहे का, हे आधी बघायचं.

दुसरी अडचण अशी की एका घरानं मजुरीचे पैसे घेतले आणि मुलीबरोबर सोळा वर्षांच्या भावाला पाठवलं. नियमात ‘सज्ञान महिला’ असं लिहिलेलंच नव्हतं. ते नंतर घातलं.

काय निष्पन्न झालं

पहिल्या वर्षी सात मुलींना मिळून बारा फेऱ्या दिल्या गेल्या. त्यांपैकी एकीची शालेय राज्य स्पर्धेसाठी निवड झाली. एकीनं नर्सिंगला प्रवेश मिळाल्यावर कुस्ती सोडली, आणि तिला दिलेल्या दोन फेऱ्या वाया गेल्या असं कुटुंब मानत नाही. बाकीच्या मुली खेळत आहेत. २०२३ मध्ये सांगलीत महिला महाराष्ट्र केसरी झाल्यापासून या भागात मुलींची संख्या वाढली आहे, त्यामुळं मागणी फेऱ्यांपेक्षा जास्त आहे.

जत्रेतली मुलींची कुस्ती पहिल्या वर्षी सव्वापाचला लागली आणि पटावर निकाली झाली. चुलते निवेदकाच्या शेजारीच बसले होते.

सगळ्यात मोठा बदल कुणी ठरवून केलेला नव्हता. तिसऱ्या फेरीला बरोबर जाणारी बाई ऐनवेळी आजारी पडली. आई म्हणाली, मी जाते. पहिल्यांदा एकटी जाताना तिनं थोरलीला वाटेत पाच वेळा फोन केला. आता मजुरी न घेता वर्षातल्या तीन-चार फेऱ्या तीच करते, आणि धाकटीच्या स्पर्धेलाही तीच जाते. तात्यांची जागा भरून निघाली असं कुणी म्हणत नाही. पण पुढच्या वर्षी विभागीय स्पर्धेला धाकटी गेली.

वेगळं काय करता आलं असतं

धाकटीला सुरुवातीच्या चर्चेत कुणी विचारलंच नाही. मोठी माणसं तिच्या वडिलांचं स्मारक ठरवत होती आणि ती शेजारच्या खोलीत होती. नंतर विचारल्यावर तिनं एकच मागितलं, ती वही. वहीवरून भावंडांत जरा तणाव झाला, कारण ती प्रत्येकालाच हवी होती. शेवटी सगळ्या पानांचे दिवसाउजेडी फोनवर फोटो काढले, छापून तीन प्रती बांधल्या आणि मूळ वही आईच्या ट्रंकेत गेली. हे आधीच करायला हवं होतं, कारण जेल पेननं लिहिलेली काही पानं ओल लागून पुसट झाली होती.

निर्णय फक्त दोघींच्या हातात ठेवणं ही कच्ची बाजू आहे. थोरलीची बदली झाली तर काय, याचं उत्तर अजून नाही. केंद्रातल्या एखाद्या माजी महिला मल्लाला तिसरी म्हणून घेणं योग्य ठरलं असतं, आणि ते अजूनही करता येईल.

पोस्टाची मुदत पाच वर्षांची आहे. तेव्हा दर उतरलेला असेल आणि भाडं चढलेलं, म्हणजे चौदाच्या दहा फेऱ्या होतील. त्यावर मुलगा आपल्या पगारातून वर्षाला पाच हजार निधीत घालतो आहे. दुसरीकडं, मुलांच्या पालकांनीही मदत मागायला सुरुवात केली आहे. आईचा कल देण्याकडं आहे, थोरलीचा ठाम नकार. आम्हाला थोरलीचं बरोबर वाटतं : पोरगा ट्रकमध्ये बसूनही स्पर्धेला पोचतो, पोरीला तसं जाता येत नाही. निर्णय यंदाच्या दिवाळीत, तिघंही घरी आल्यावर होणार आहे.